मिलोची भाकर आणि पाझर तलाव



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, खतांचे हप्ते असे विषय घेत असतो. या अंकातील विषय जरा निराळा आहे. तरीपण तो उसाच्या बाहेरचा नाही, हे लेख वाचून झाल्यावर आपणांस पटेल अशी आशा आहे.

निमित्त असे झाले. मागील हंगामात गट कार्यालयात चार-पाच सभासद बसले होते. बोलता बोलता विषय मजुरांच्या टंचाईवर आला. एक जाणते सभासद म्हणाले, "साहेब, सरकारने फुकट धान्य देऊन मजूर बिघडवला. घरात पोतं येऊन पडतं, मग निंदणीला कोण येईल?" बाकीच्यांनी माना हलविल्या. खरे सांगायचे तर आम्हीही हलविली.

त्याच आठवड्यात तोडणीचा कार्यक्रम पाहण्यासाठी एका फडावर गेलो होतो. दुपारची वेळ. टोळीच्या कोप्यांपाशी सहा-सात वर्षांची एक मुलगी उसाचे कांडे चघळत बसली होती. "जेवलीस का गं?" विचारले तर ती नुसती पाहत राहिली. तिच्या आईने सांगितले की पीठ कालच संपले. मुकादम आठवड्याचा खर्च बाजाराच्या दिवशी देतो, तो परवा. आणि रेशनचे कार्ड गावी, सातपुड्यात, राहिले आहे. पोर सकाळपासून उसावरच होती. उसाने तोंड गोड होते, पोट भरत नाही, हे आम्ही सांगायला नको. गट कार्यालयात आम्ही मान हलविली होती, ती तेव्हापासून मनाला टोचत आहे. म्हणून हा विषय मुळापासून पाहावा असे ठरविले. उपाशी माणसाला खाऊ घालणे ही सरकारची दया आहे की जबाबदारी? आणि त्यात आपला, म्हणजे बागायतदाराचा, संबंध काय?

भूक म्हणजे नेमके काय

पाऊस पडला नाही, पीक आले नाही, म्हणून माणसे उपाशी राहिली, असे आपण सहज बोलून जातो. ते अर्धेच खरे आहे. पाऊस गेला की शेतकऱ्याचे पीक जाते, आणि त्याच दिवशी शेतमजुराचे काम जाते. काम गेले की मजुरी गेली. इकडे धान्याचा भाव चढतो. बाजारात पोती दिसत असतात. पण हातात पैसा नसलेल्याला ती दिसून उपयोग काय? माणूस मरतो तो पुष्कळ वेळा धान्य नसल्यामुळे नव्हे, तर धान्य घेण्याची ऐपत संपल्यामुळे.

बंगालात १९४३ साली तीस लाखांच्या घरात माणसे मेली. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या वर्षी बंगालात धान्य १९४१ सालापेक्षा जास्तच होते. पण युद्धामुळे भाव भडकले आणि मजूर, मासेमार, कारागीर यांच्या मिळकतीत ते धान्य बसेना. दुष्काळी कायद्याची पुस्तके सरकारच्या कपाटात होती, पण दुष्काळ जाहीरच झाला नाही. तेव्हा नुसती कोठारे भरून भागत नाही. गरिबाच्या हाताला काम आणि त्याला परवडेल असे धान्य, या दोन्ही गोष्टी वेळेवर लागतात. लागणीनंतरची आंबवणी चुकली की पुढे कितीही पाणी द्या, उगवण भरून येत नाही. तसेच हेही आहे.

राजाचे दान

आपल्या खानदेशाला दुष्काळ नवा नाही. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. बादशहा शहाजहान त्या वेळी बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. बऱ्हाणपूर म्हणजे जुन्या खानदेशाची राजधानी, आपल्या रावेरच्या पलीकडचे. दरबारी इतिहासात नोंद आहे की बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे अन्नछत्रे उघडली, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५ हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत १ लाख रुपये गरिबांना वाटले. साराही काही सोडला.

हे केले ते चांगलेच केले. पण शहराबाहेर, चार दिवसांच्या वाटेवर जो शेतमजूर होता त्याला या सोमवारचा काय उपयोग? दानाला हद्द असते, दात्याच्या मर्जीची मुदत असते, आणि घेणाऱ्याला ते मागण्याचा हक्क नसतो.

एक पौंडाची मजुरी

इंग्रजी अमलात १८७६ ते १८७८ या काळात मुंबई व मद्रास इलाख्यांत भयंकर दुष्काळ पडला. सरकारने कामे काढली, पण खर्चाची धास्ती मोठी. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७७ च्या आरंभी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य व वर किरकोळ पैसे पुरेत, असे ठरविले. माती खणणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगता येईना. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या दराने काम करायचे नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. दुष्काळी मजुरांचा संप ही गोष्ट आज नवल वाटेल, पण ती घडलेली आहे.

त्यानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला व त्यावरून इलाख्यांचे दुष्काळी नियम तयार झाले. त्यांत तीन मुख्य गोष्टी होत्या. धडधाकट माणसास काम. वृद्ध, आजारी, निराधार यांना कामाशिवाय मदत. आणि शेतकऱ्यास तगाई व साऱ्याची सूट किंवा तहकुबी. शिवाय दुष्काळ ओळखण्याची लक्षणेही लिहून ठेवली होती: धान्याचे भाव चढणे, सावकाराने उसने बंद करणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे, किरकोळ चोऱ्या वाढणे. यांतील एकही लक्षण आभाळाकडे पाहून कळत नाही. ती बाजारात आणि रस्त्यावर दिसतात. कृषी खात्याच्या माणसाने आजही ही यादी तोंडपाठ करावी अशी आहे.

नियम झाले, पण ते पाळण्याची सक्ती सरकारवर कोणी करावी? १८९६–९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून लोकांना हेच सांगितले की नियम काय आहेत ते समजून घ्या आणि त्याप्रमाणे मागा. १८९९–१९०० साली पुन्हा दुष्काळ आला. संवत १९५६ मध्ये पडला म्हणून जुनी माणसे त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणत. डोंगरकडच्या भिल्लांची त्यात फार दैना झाली.

बहात्तर साल

स्वातंत्र्यानंतर, १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्यातील कायद्यांमधून 'दुष्काळ' हा शब्दच काढला व त्या जागी 'टंचाई' घातला. आता दुष्काळ पडू देणार नाही, असा त्यामागे विश्वास होता. शब्द काढता आला, पाऊस काही कायद्याने पाडता येत नाही. लागोपाठ वर्षे वाईट गेली आणि १९७२ उजाडले. नगर, सोलापूर, बीड या भागांवर सर्वात मोठा घाला आला. आपल्याकडील साक्री, शिंदखेडा, धुळे, पारोळा, अमळनेर, चाळीसगाव हे कोरडवाहू तालुकेही होरपळले.

आमच्या मातोश्री त्या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. माहेर पारोळ्याकडचे. घरात सात माणसे, जमीन चार एकर, सगळी कोरडवाहू. गावच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम निघाले. आजोबा खणत, आई आणि मावशी माती वाहत. मुकादम मस्टरवर हजेरी मांडी, चौकडी मोजून मजुरी ठरे. दुपारी सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे; त्याची भाकर थापताना चिरत असे, आणि पोटालाही जड जाई. आम्ही लहानपणी ताटातील बाजरीच्या भाकरीला नाक मुरडले की आई म्हणत असे, "आमनी भाकर लाल व्हती, पन व्हती ना भाऊ!"

"पण होती ना" या तीन शब्दांत त्या वर्षाचा सगळा हिशेब आहे. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटींवर होती. म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत धरले, तरी दहा माणसांत एक जण सरकारी कामावर. कामामुळे हातात पैसा आला, रेशनमुळे त्या पैशात धान्य बसले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने हे काम उभे केले, आणि ते उभे राहावे म्हणून मोर्चे काढणाऱ्या, तहसील कचेरीपुढे बसणाऱ्या लोकांचाही त्यात तितकाच वाटा आहे. पीक एवढे बुडूनही १९४३ च्या बंगालसारखे प्रेतांचे ढीग महाराष्ट्रात पडले नाहीत. म्हणूनच जगभरच्या अभ्यासकांनी या वर्षाचा अभ्यास केला.

सगळे छान होते असे मात्र नाही. मजुरी कमी होती, अनेकदा उशिरा मिळे. जनावरे कवडीमोलाने गेली. पुष्कळ ठिकाणी नुसती खडी फोडून घेतली आणि ते ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षे पडून राहिले. माणसे जगली, पण सुखाने नव्हे.

मागेल त्याला काम

दुष्काळ पडला की कामे काढायची आणि पाऊस पडला की बंद करायची, ही जुनी रीत. वि. स. पागे यांचे म्हणणे निराळे होते. ते विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्याचे. ग्रामीण मजुराला दरवर्षीच काही महिने दुष्काळ असतो, तेव्हा कामाची हमी कायमची हवी, असा त्यांचा विचार. तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ मध्ये योजना आली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे नावालाच. पण त्यामागचे तत्त्व मोठे आहे. काम देता आले नाही तर चूक मजुराची नव्हे, सरकारची, हे प्रथमच कायद्यात आले.

यासाठी पैसा कोठून आला? १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. विक्रीकर व मोटारींवर जादा आकारणी झाली. आणि सभासद बंधूंनो, बागायती जमिनीवर विशेष आकारणी झाली. करांतून जेवढे येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची होती. म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने, ज्याच्या शेतात पाणी नाही त्याच्या भाकरीचा भार थोडा उचलायचा, असा तो सरळ हिशेब.

हक्क कागदावर असून भागत नाही, हे खानदेशानेच दाखविले. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा भागात अंबरसिंग महाराजांनी भिल्ल मजुरांना जागे केले, आणि १९७२ साली तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. काम काढा, मजुरी पुरी द्या, वेळेवर द्या, या मागण्या घेऊन आदिवासी मजूर, विशेषतः बाया, पुढे आल्या. पुढे २००५ साली संसदेने संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, कुटुंबास वर्षाला १०० दिवसांचा. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या २०० जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला. त्यांत आपले धुळे व नंदुरबार होते. कायद्याची नावे आणि दिवसांचे आकडे बदलतात. महाराष्ट्राने घालून दिलेली वाट मात्र देशाने धरली, याचा आपणांस अभिमान असावा.

पोत्याचा हिशेब

आता त्या गट कार्यालयातील प्रश्नाकडे येऊ. फुकट धान्यामुळे मजूर बसून खातो काय?

२००१ साली गोदामे भरलेली असताना काही राज्यांत माणसे उपाशी होती, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशांमुळे शाळेत शिजविलेले अन्न, अंगणवाडीचा आहार, रेशन या गोष्टी मेहेरबानीच्या न राहता हक्काच्या होत गेल्या. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा आला. त्याप्रमाणे पात्र कुटुंबातील दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि अत्यंत गरीब अंत्योदय कुटुंबास ३५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे.

५ किलोला तीस दिवसांनी भागा. दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. एका भाकरीला अदमासे ऐंशी ग्रॅम पीठ धरले तर दोन भाकरी. डाळ, तेल, मीठ, सरपण, औषध, कपडा, पोरांची वही हे सगळे वेगळे. १८७७ साली दिवसाला साडेचारशे ग्रॅमवर मजुरांनी संप केला होता, हे वर सांगितलेच. टेंपलसाहेबाची ती जवळजवळ सगळी मजुरी होती आणि हे रेशन केवळ आधार आहे, हा फरक आम्ही मान्य करतो. पण १६६ ग्रॅमवर कोणी बसून खातो, हे म्हणणे हिशेबात बसत नाही.

मग मजूर मिळत का नाही? निंदणीचा, बांधणीचा खर्च वाढला आहे, वेळेवर माणसे मिळत नाहीत, तोड लांबली की वजन घटते, ही सभासदांची अडचण खरी आहे. ती आम्ही रोज पाहतो. पण कारणे नीट पाहावीत. मजुराला आज शहरात, बांधकामावर, गुजरातेत काम आहे. धुळे-नंदुरबारकडील कितीतरी कोयते दरवर्षी दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात. जिकडे उचल जास्त आणि हिशेब चोख तिकडे टोळी जाते. रेशनने एवढेच केले की उद्याच्या भाकरीसाठी आज कोणत्याही दराला 'हो' म्हणण्याची पाळी थोडी टळली. यालाच आपण 'मजूर बिघडला' म्हणतो. उपाशी माणूस स्वस्त मिळतो, हे खरे. पण त्याच्या उपाशी राहण्यावर आपल्या उसाचा ताळेबंद बसवावा, असे कोणता सभासद उघडपणे म्हणेल?

आपण काय करू शकतो

सरकारची जबाबदारी सरकारने पार पाडावी. तरी आपल्या हातातील चार गोष्टी येथे देतो.

(१) कार्ड गावी असले तरी धान्य अडत नाही. रेशन दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही उचलता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात या जोडीपासूनच त्याला आरंभ झाला. कार्डाचा क्रमांक व आधार क्रमांक जवळ असावा, दुकानात अंगठा द्यावा. टोळी फडावर उतरली की आपल्या स्लिपबॉयने व सभासदाने हे सांगावे. त्या मुलीच्या आईला आम्ही गावातील दुकानात घेऊन गेलो. पहिल्या दिवशी यंत्रावर अंगठा उमटेना, कोयत्याने बोटे घासलेली. दुसऱ्या दिवशी उमटला आणि धान्य मिळाले. बरोबर कोणी नसते तर ती बाई पहिल्याच दिवशी परत फिरली असती.

(२) कोप्यांवरील लहान मुले व गरोदर बाया यांची नावे जवळच्या अंगणवाडीत द्यावीत. सहा वर्षांखालील मुलास पूरक आहाराचा हक्क आहे, मग त्याचे गाव कोणतेही असो.

(३) आपल्या गावात कोणास काम हवे असेल तर ग्रामपंचायतीत लेखी मागणी करून तारखेची पोच घ्यावयास सांगावे. तोंडी मागणीची नोंद कोठेच राहत नाही, आणि नोंद नसली की हक्क बुडतो.

(४) कामे कोणती घ्यावीत हे ग्रामसभेत ठरते. खडीचे ढीग नकोत. जुन्या पाझर तलावांचा गाळ, नाला बांध, बांधबंदिस्ती सुचवावी. गाळ आपल्या शेताला, पाणी आपल्या विहिरीला, मजुरी मजुराला.

समारोप

पांझरेकाठच्या आपल्या पूर्वजांनी फड पद्धत घालून दिली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, आणि बहुधा प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा. पाणी कमी पडले की सगळ्यांनी मिळून एक फड कोरडा ठेवायचा. शेवटच्या माणसाला कोरडे ठेवून वरच्याने पाणी पिकवायचे नाही. पाटकरी कोणाची मर्जी पाहत नसे, तो नियम पाहत असे. सरकारकडून आपण अपेक्षा करतो ती याहून वेगळी नाही.

आमच्या आजोळचा तो पाझर तलाव अजून आहे. निम्मा गाळाने भरला आहे, पण खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकते. त्यांतील दोन विहिरींवर आज ऊस उभा आहे आणि त्याची नोंद आपल्याच कारखान्याकडे आहे. ती माती मिलोची भाकर खाऊन वाहिलेली आहे. मागल्या महिन्यात प्लॉट पाहायला गेलो तेव्हा त्या सभासदास आम्ही हे सांगितले. त्यांना ठाऊक नव्हते.

हा अंक हाती पडेपर्यंत टोळ्या येऊ लागतील. फडावर गेलात की उसाच्या पक्वतेबरोबर एवढेही विचारावे: कार्ड कोठे आहे, आणि आज चूल पेटली का?

पुढील अंकी खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहू.